शंभरपैकी वीस गुण आणि रंग बदलणारा कण

टीव्हीच्या दुकानात हल्ली ‘क्यूएलईडी’ अशी अक्षरे असलेले संच रांगेने मांडलेले दिसतात. याचे रंग जास्त चमकदार, असे विक्रेता सांगतो. किंमतही तशीच असते. त्यातला ‘क्यू’ कशाचा, असे विचारले तर कुणी ‘क्वालिटी’चा म्हणेल. खरे तर तो ‘क्वांटम’चा क्यू आहे. या पडद्याच्या आत ‘क्वांटम डॉट’ नावाचे अतिशय बारीक कण असतात. मराठीत त्यांना पुंजबिंदू म्हणतात. या कणांच्या शोधासाठी आणि ते तयार करण्याच्या पद्धतीसाठी २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक तिघा शास्त्रज्ञांना मिळाले : अलेक्सी येकिमोव, लुई ब्रस आणि मुंजी बावेंदी.

यातले तिसरे नाव वाचून आपल्या अनेक घरांत कुतूहल जागे झाले असेल. बावेंदी यांचा जन्म १९६१ चा, पॅरिसचा. आई फ्रेंच, वडील मोहम्मद सालेह बावेंदी हे ट्युनिशियाचे गणितज्ञ. बालपण फ्रान्स, ट्युनिशिया आणि पुढे अमेरिका असे तीन देशांत गेले. असे नाव बातमीत आले की आपण ते अभिमानाने एकमेकांना पाठवतो, आणि दोन दिवसांनी विसरतो. त्यांनी नेमके केले काय, हे मात्र बहुतेकदा पाठवले जात नाही. आम्ही शिक्षक मंडळी मुलांना नेहमी सांगतो की उत्तर पाठ करू नका, रीत समजून घ्या. तोच नियम इथे लावू या.

इलेक्ट्रॉनला जागा कमी पडली तर

आधी आकार समजून घेऊ. एक मिलिमीटर म्हणजे पट्टीवरची सर्वांत लहान खूण. तिचे दहा लाख भाग केले तर एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. पुंजबिंदू असतो काही नॅनोमीटरचा. फुटबॉल पृथ्वीपुढे जेवढा लहान, साधारण तेवढाच पुंजबिंदू फुटबॉलपुढे लहान. तरीही तो एकटा अणू नव्हे. त्यात बहुधा काही शेकडा ते काही हजार अणू स्फटिकाच्या शिस्तीत बसलेले असतात.

आता एक रोजचा अनुभव आठवा. सोन्याची अंगठी असो की सोन्याची वीट, रंग तोच. मीठ चिमूटभर असो की पोतेभर, गुण तेच. पदार्थ कोणता आहे यावर त्याचे गुण ठरतात, तो किती आहे यावर नाही, असेच आपण शाळेत शिकलो. पुंजबिंदूंच्या बाबतीत हा नियम पुरा पडत नाही. एकाच पदार्थाचे, उदाहरणार्थ कॅडमियम सेलेनाइडचे, कण घेतले आणि त्यांच्यावर अतिनील प्रकाश टाकला, तर साधारण दोन नॅनोमीटरचे कण निळसर चमकतात, थोडे मोठे हिरवे, त्याहून मोठे पिवळे आणि सहा नॅनोमीटरच्या आसपासचे लाल. पदार्थ बदललेला नाही, रंगही वेगळा मिसळलेला नाही. बदलला तो फक्त आकार.

असे का होते? उत्तर इलेक्ट्रॉनच्या वागण्यात आहे. कॅडमियम सेलेनाइड हा अर्धवाहक पदार्थ. अशा पदार्थात इलेक्ट्रॉनसाठी जणू दोन मजले असतात. एरवी इलेक्ट्रॉन खालच्या मजल्यावर राहतो. प्रकाश पडला की त्याची ऊर्जा घेऊन तो वरच्या मजल्यावर जातो, आणि थोड्या वेळात खाली उतरताना ती ऊर्जा पुन्हा प्रकाशाच्या रूपाने देतो. दोन मजल्यांतले अंतर जास्त असेल तर बाहेर पडणारा प्रकाश निळ्याकडे झुकतो, कमी असेल तर लालकडे. मोठ्या स्फटिकात हे अंतर त्या पदार्थाचे ठरलेले असते.

पण इलेक्ट्रॉन हा छोट्या गोटीसारखाच वागतो असे नाही. तो लहरीसारखाही वागतो, आणि लहरीला पसरायला जागा लागते. स्फटिकच इतका लहान केला की ती लहर त्यात कोंडली गेली, तर तिची ऊर्जा वाढते. मजल्यांमधले अंतर वाढते आणि प्रकाश निळ्याकडे सरकतो. ही कोंडीमुळे वाढणारी ऊर्जा आकाराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणजे कणाची रुंदी निम्मी केली तर तेवढा भाग ढोबळमानाने चौपट होतो.

मुलांना हे पटवायला एक सोपा खेळ आहे. काचेच्या तीन सारख्या रिकाम्या बाटल्या घ्या. एकीत थोडे पाणी, दुसरीत अर्धे, तिसरीत पाऊण बाटली पाणी भरा. तोंडाशी ओठ टेकवून आडवी फुंकर मारा. जिच्यात पाणी जास्त, म्हणजे हवेला जागा कमी, तिचा सूर सर्वांत उंच निघेल. हवा तीच, फुंकर तीच, बदलली ती जागा. आवाजात जो उंच सूर, तोच प्रकाशात निळा रंग समजा. उपमा पूर्ण नाही, कारण बाटलीत हवा कंप पावते आणि स्फटिकात इलेक्ट्रॉनची लहर असते. पण कोंडलेल्या लहरीचे गणित दोन्हीकडे जवळचे आहे.

लेनिनग्राडची काच आणि न्यू जर्सीची बाटली

फार लहान कणांत इलेक्ट्रॉन वेगळा वागेल, हे हर्बर्ट फ्रोलिश या पदार्थवैज्ञानिकाने १९३७ मध्येच कागदावर मांडले होते. पण असा कण हातात यायला चाळीसहून अधिक वर्षे लागली.

सोव्हिएत संघातल्या लेनिनग्राडच्या वाविलोव प्रकाशविज्ञान संस्थेत येकिमोव रंगीत काचेचा अभ्यास करत होते. काच रंगवणाऱ्यांना एक गोष्ट माहीत असते. मिश्रण तेच ठेवून भट्टीची उष्णता आणि वेळ बदलली तरी काचेची छटा बदलते. असे का, या प्रश्नाचा येकिमोव यांनी पाठपुरावा केला. त्यांनी काचेत कॉपर क्लोराइड घातले, ती काच ५०० ते ७०० अंश सेल्सिअस तापमानात कधी एक तास तर कधी चार दिवस ठेवली, आणि मग क्ष-किरणांनी आत डोकावून पाहिले. काचेत कॉपर क्लोराइडचे बारीक स्फटिक तयार झाले होते. काही अवघ्या दोन नॅनोमीटरचे, काही तीस नॅनोमीटरपर्यंतचे. जितका स्फटिक लहान, तितका तो निळा प्रकाश शोषत होता. १९८१ मध्ये हे काम सोव्हिएत नियतकालिकात छापून आले. तो काळ शीतयुद्धाचा. तिकडचा निबंध इकडे सहज पोहोचत नसे.

अमेरिकेत न्यू जर्सीच्या बेल प्रयोगशाळेत लुई ब्रस यांचे काम अगदी वेगळे होते. सूर्यप्रकाशाच्या ऊर्जेने रासायनिक क्रिया घडवायच्या, हा त्यांचा उद्देश. त्यासाठी ते द्रावणात कॅडमियम सल्फाइडचे बारीक कण वापरत. कण जितके बारीक, तितका एकूण पृष्ठभाग जास्त आणि क्रिया जास्त, हा साधा हिशेब. कण टेबलावर काही वेळ तसेच राहिले की त्यांचे प्रकाशाबाबतचे वागणे बदलते, हे त्यांच्या ध्यानात आले. कण वाढले असावेत असा त्यांना संशय आला. त्यांनी ताजे कण तयार केले, ते साधारण साडेचार नॅनोमीटरचे होते, आणि जुन्यांशी ताडून पाहिले, ते साधारण साडेबारा नॅनोमीटरचे. मोठे कण नेहमीच्या कॅडमियम सल्फाइडप्रमाणे प्रकाश शोषत होते, लहान कण निळ्याकडे झुकले होते. १९८३ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. येकिमोव यांच्या कामाची त्यांना तेव्हा कल्पनाही नव्हती.

एक जण काचेचा अभ्यासक, दुसरा सूर्यऊर्जेचा. दोघांपैकी कुणीही टीव्हीचा विचार करत नव्हता. आपल्या घरांत मुलाने काही नवे शिकायचे म्हटले की पहिला प्रश्न येतो, ‘याचा उपयोग काय?’ प्रश्न चुकीचा नाही. पण त्याचे उत्तर कधी कधी चाळीस वर्षांनी मिळते, आणि ते विचारणाऱ्याने कल्पिलेले नसते.

पाक, खडा आणि वेळ

शोध लागला तरी अडचण मोठी होती. तयार होणारे कण एकसारखे नसत. लहान-मोठे मिसळलेले असत, त्यांत दोषही असत. ज्या कणाचा रंग आकारावर ठरतो, त्याचा आकारच हाताबाहेर असेल तर त्याचा उपयोग करणार कसा? इथे बावेंदी यांचे काम सुरू होते. शिकागो विद्यापीठातून १९८८ मध्ये पीएचडी झाल्यावर ते ब्रस यांच्याकडेच पुढील संशोधनासाठी गेले, आणि १९९० मध्ये एमआयटी या संस्थेत रुजू झाले. १९९३ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी एकसारखे कण बनवण्याची रीत जगापुढे ठेवली.

ती रीत समजायला आपले स्वयंपाकघर पुरेसे आहे. साखरेचा दाट पाक निवत गेला की त्यात खडे धरू लागतात. पाक किती दाट, किती गरम आणि किती वेळ ठेवला, यावर खड्याचा आकार ठरतो. बावेंदी यांच्या गटाने निवडक द्रावक खूप तापवला आणि त्यात घटक पदार्थ एकदम, सुईने टोचल्यासारखे, आत सोडले. क्षणात द्रावण गच्च भरले आणि एकाच वेळी असंख्य सूक्ष्म स्फटिकांची बीजे धरली. थंड पदार्थ आत गेल्याने तापमान लगेच उतरले आणि नवी बीजे धरणे थांबले. मग तापमान पुन्हा बेताने वाढवून ती बीजे सावकाश वाढू दिली. सगळ्यांची सुरुवात एकाच क्षणी, म्हणून वाढही जवळपास सारखी. हवा तो आकार आला की थांबायचे. कौशल्य आहे ते नेमक्या वेळी टाकण्यात आणि नेमक्या वेळी थांबण्यात. ज्यांनी कधी पाकाची तार बोटांत धरून पाहिली आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

ही रीत फार अवघड यंत्रांवर अवलंबून नव्हती. म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांनी ती उचलली आणि पुंजबिंदूंचा अभ्यास वेगाने पसरला.

पहिल्याच परीक्षेत

नोबेल जाहीर झाल्यावर पत्रकारांशी बोलताना बावेंदी यांनी स्वतःच एक गोष्ट सांगितली. शाळेत त्यांना अभ्यास फारसा करावा लागत नसे, सगळे सहज येई. हार्वर्ड विद्यापीठात पहिल्या वर्षी रसायनशास्त्राची पहिली परीक्षा झाली. भलेमोठे दालन, कडक पर्यवेक्षक, मन दडपलेले. पहिला प्रश्न सुटला नाही, दुसराही नाही. शंभरपैकी वीस गुण मिळाले, वर्गात सर्वांत कमी. आता आपले संपले, असे त्यांना वाटले. पुढे ज्या विषयात नोबेल मिळाले, तोच हा विषय.

मग त्यांनी अभ्यास कसा करायचा हेच नव्याने शिकून घेतले. आजवर आपल्याला अभ्यास करताच येत नव्हता, हे त्यांना कळले. रीत सापडल्यावर पुढच्या परीक्षांत गुण पूर्णांच्या जवळ जाऊ लागले.

ही गोष्ट आपल्याकडे दोन चुकीच्या पद्धतींनी सांगितली जाऊ शकते. पहिली, ‘बघा, कमी गुण मिळाले तरी काही बिघडत नाही.’ बिघडते. त्यांनी वीस गुणांना वीसच मानले, म्हणून ते सुधारले. दुसरी, ‘जिद्द असली की सगळे होते.’ जिद्द हवीच, पण बावेंदी यांच्या पाठीशी गणितज्ञ वडील होते, मोठे विद्यापीठ होते आणि वीस गुणांनंतरही वर्गातली जागा शाबूत होती. दुसरी संधी त्यांना मागावी लागली नाही, ती तिथे होतीच.

आमच्या वर्गांत बसणाऱ्या कित्येक मुला-मुलींना ही दुसरी संधीच मिळत नाही. दहावीला विज्ञानात थोडे कमी पडले की घरात निर्णय होतो. मुलगा असेल तर ‘दुकानावर बस’, मुलगी असेल तर ‘आता पुरे झाले’. अब्बूंची अडचण खरी असते, फी खरी असते, कॉलेजचे अंतरही खरे असते. पण बरेचदा या सगळ्यांच्या आधी एका कागदावरचा आकडा पुढे केला जातो, आणि तो आकडा मुलाच्या बुद्धीचा आहे असे मानले जाते. खरे तर तो त्या दिवसाच्या तयारीचा असतो.

उर्दू माध्यमातून येणाऱ्या मुलांची आणखी एक अडचण आम्ही रोज पाहतो. त्यांनी दहावीपर्यंत ‘नीम मूसिल’ वाचलेले असते. मराठी पुस्तकात तेच ‘अर्धवाहक’ होते, आणि अकरावीत एकदम ‘सेमिकंडक्टर’ समोर येते. ‘तूल-ए-मौज’, ‘तरंगलांबी’ आणि ‘वेव्हलेंग्थ’ यांचेही तसेच. वस्तू एकच, शब्द तीन. मुलाला वस्तू कळलेली असते, शब्द अडवतो, आणि पहिल्या चाचणीत गुण घसरतात. मूल ‘मला विज्ञान जमत नाही’ म्हणू लागते आणि घरही ते मान्य करते. अशा वेळी तीन रकान्यांची एक वही पुरते : उर्दू, मराठी, इंग्रजी. रोज पाच शब्द. आपा किंवा भाईजान पुढच्या वर्गात असतील तर हे काम घरातच होते. दोन-तीन महिन्यांत फरक दिसतो, हा आमचा अनुभव आहे.

पडद्यावर, दवाखान्यात आणि बाजारात

पुंजबिंदू आज कुठे आहेत? क्यूएलईडी टीव्हीच्या पडद्यामागे निळा प्रकाश देणारे दिवे असतात. त्या निळ्या प्रकाशाचा काही भाग पुंजबिंदू शुद्ध हिरव्या आणि लाल रंगात बदलतात, म्हणून रंग जास्त खुलतात. ‘ओएलईडी’ ही वेगळी पद्धत आहे, नावातल्या साम्याने फसू नये. काही एलईडी दिव्यांत पांढऱ्या प्रकाशाची छटा उबदार करण्यासाठीही हे कण वापरतात. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत ते पेशींतल्या रेणूंना जोडून त्यांचा माग काढतात. गाठीच्या पेशी उजळून दाखवण्यासाठीही त्यांचा उपयोग व्हावा, असे संशोधन सुरू आहे.

दुसरीकडे, एखाद्या बिंदूत मोजकेच इलेक्ट्रॉन कोंडून त्यांना हवे तसे वागवता येते, म्हणून त्याला ‘कृत्रिम अणू’ही म्हणतात. अशा कोंडलेल्या इलेक्ट्रॉनच्या फिरकीचा वापर क्वांटम संगणकासाठी करता येईल, असा प्रस्ताव डॅनियल लॉस आणि डेव्हिड डिव्हिन्सेंझो यांनी १९९८ मध्ये मांडला. त्यावर आजही काम चालू आहे.

काळजीची बाजूही आहे. कॅडमियम हा विषारी धातू. त्यामुळे त्याच्या वापरावर युरोपात कडक मर्यादा आहेत, आणि इंडियम फॉस्फाइडसारख्या पदार्थांचे कॅडमियममुक्त कण पुढे आले आहेत. बंद पडलेला टीव्ही भंगारात देताना तो फोडून जाळला जाणार नाही, ई-कचरा घेणाऱ्यांकडेच जाईल, एवढे आपण पाहावे.

आणि एक सावधगिरी. ‘क्वांटम’ शब्द हल्ली लॉकेटवर, कड्यावर, पाण्याच्या बाटलीवर छापून आजार बरे करण्याचे दावे केले जातात. पुंजबिंदूचे विज्ञान अशा वस्तूंना कोणताही आधार देत नाही. खऱ्या विज्ञानात आकार मोजतात, प्रकाश मोजतात, आणि दुसऱ्या प्रयोगशाळेत तेच पुन्हा करून पाहतात. कड्याच्या विक्रेत्याला एवढेच विचारा, ‘मोजले कसे?’ गुडघेदुखीसाठी डॉक्टरच बरे.

पुढचा दरवाजा

मूलभूत विज्ञानाची वाट आपल्यापासून फार दूर नाही. पुण्यात आयसर ही संशोधन आणि शिक्षणाची संस्था आहे, बारावी विज्ञाननंतर तिची प्रवेश परीक्षा देता येते. मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र शालेय मुलांच्या विज्ञान ऑलिम्पियाडचे काम पाहते. जवळच्या महाविद्यालयातली साधी बीएस्सीही याच वाटेवरची पायरी आहे. सगळी मुले तिथे जाणार नाहीत, जावीत असेही नाही. पण ज्याला किंवा जिला जावेसे वाटते, त्यांच्यासाठी निकालाच्या संध्याकाळी घरात काय बोलले जाते, ते महत्त्वाचे.

म्हणून आमची घरोघरच्या अम्मी-अब्बूंना एक विनंती आहे. निकाल हातात आला की ‘किती मिळाले?’ हा प्रश्न जरूर विचारा, पण तिथे थांबू नका. ‘कोणता प्रश्न सुटला नाही? का सुटला नाही? शब्द कळला नाही, की रीत कळली नाही, की वेळ पुरला नाही?’ हे तीन प्रश्न विचारा आणि उत्तरे लिहून ठेवा. ती वही घेऊन शाळेत या. आम्ही शिक्षक त्याच वहीतून पुढे सुरू करू. शाखा ठरवायची असेल तर ती या वहीनंतर ठरवा, गुणपत्रिका पाहताक्षणी नको.